पानगळीची अरण्ये आणि वाऱ्याची तहान

दक्षिण जर्मनीतील स्टुटगार्ट शहराच्या पश्चिमेला, जिथे श्ट्रोगॉय या नावाने ओळखला जाणारा गव्हाचा सुपीक, सपाट मुलूख संपतो आणि ग्लेम्सवाल्टच्या वनाच्छादित टेकड्यांचा चढ सुरू होतो, तिथे अगदी त्या संधिरेषेवर गेर्लिंगेन हे लहानसे गाव वसलेले आहे. खाली शेते, गावाला लागून द्राक्षमळे आणि फळझाडांची कुरणे, आणि वर कड्यावर बीच व ओक वृक्षांचे दाट अरण्य, अशी या गावाची तीन मजली रचना आहे. त्या वरच्या मजल्यावर, शिलरह्योहे नावाच्या पठारावर, बॉश या विख्यात उद्योगसमूहाचे मुख्यालय वनराजीच्या कुशीत उभे आहे. आणि याच उद्योगाचा एक मोठा कारखाना आपल्या नाशकात असल्यामुळे गेर्लिंगेनचे नाव पुण्या-नाशिकच्या अनेक अभियंत्यांच्या घरांत आज अपरिचित राहिलेले नाही. पठाराला नाव मिळाले ते महाकवी शिलरच्या घराण्यावरून. कवीचा पिता योहान कास्पार शिलर हा ड्यूक कार्ल ऑयगेनच्या चाकरीत, गावाच्या हद्दीलगतच्या सॉलिट्यूड राजप्रासादाच्या रोपवाटिकेचा प्रमुख होता. त्याने तिथे फळझाडांची हजारो रोपे वाढवली, वृक्षसंवर्धनावर ग्रंथरचना केली, आणि १७९६ साली मृत्यू आल्यावर त्याचे दफनही गेर्लिंगेनमध्येच झाले.

अशा या सौम्य, हिरव्या, सुस्थित गावाचा दाखला वणव्याच्या प्रकरणात का घ्यावा, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. कॅलिफोर्नियाच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या अरण्यांसारखा अग्निप्रलय या टेकड्यांवर होत नाही, आणि बीच हा वृक्षही लवकर पेट घेणाऱ्यांपैकी नव्हे. परंतु जिथे आग क्वचित लागते तिथेच आगीचे हवामान शांत चित्ताने अभ्यासता येते, कारण तिथे ज्वालांचा गदारोळ नसतो; असतो तो केवळ हवेचा, पानांचा आणि ऋतूंचा हिशेब. शिवाय गेर्लिंगेनच्या अरण्याकडे पाहताना आपल्या चंद्रपूर-मेळघाटच्या सागवनांविषयी जे कळते, ते त्या सागवनांत राहूनही पुष्कळदा लक्षात येत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रथम पावसाचा हिशेब पाहू. स्टुटगार्टच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पुणे शहराची वार्षिक सरासरीही त्याच्या आसपासचीच आहे. वर्षाच्या एकूण जमेत ही दोन स्थळे जवळजवळ समान; मात्र पुण्याला ही सारी रक्कम जून ते ऑक्टोबर या अवधीत एकरकमी मिळते आणि उरलेल्या महिन्यांत खजिना रिता राहतो, तर गेर्लिंगेनला ती बारा हप्त्यांत, थोडीथोडी, जवळपास प्रत्येक महिन्यात पोचते. या नियमित हप्त्यांवरच तेथील अरण्याची सुरक्षितता अवलंबून असते, आणि म्हणूनच एक-दोन हप्ते चुकले की तेथील वनखात्याला जी चिंता वाटू लागते, ती सहा-सात कोरडे महिने गृहीत धरून जगणाऱ्या आपल्या माणसाला प्रथमदर्शनी अतिरेकी वाटते.

आता ऋतूचा विचार करू, कारण या विषयातील सर्वांत उपयुक्त धडा इथेच आहे. वणवा म्हटला की आपल्या मनात वैशाखातले ऊन उभे राहते, आणि युरोपातही सर्वसामान्य माणूस जुलै-ऑगस्टचा उन्हाळाच डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात गेर्लिंगेनसारख्या पानगळीच्या अरण्यात आगीचा पहिला हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो, जेव्हा सकाळी हातमोजे घालावे लागतात आणि दुपारचे तापमानही आपल्या दृष्टीने थंडच असते. या काळात बीचच्या फांद्यांवर एकही पान नसते; नवी पालवी फुटायला एप्रिलची अखेर उजाडावी लागते. त्यामुळे भर उन्हाळ्यात ज्या वनभूमीवर गर्द छाया असते, तिच्यावर या दिवसांत सूर्यकिरण विनाअडथळा पडतात, वाराही बुंध्यांमधून मोकळा वाहतो, आणि जमिनीवर गेल्या शरदात गळलेल्या पानांचा जाड थर पसरलेला असतो. बीचचे वाळलेले पान पातळ, कडक आणि कडेने किंचित वळलेले असल्यामुळे हा थर पुरता दबून बसत नाही. त्याच्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि तो एका दुपारीत कोरडा होतो.

आपल्याकडील सागवानाची अवस्था याहून वेगळी नाही. बीच थंडीला भिऊन पाने टाकतो आणि साग कोरडेपणाला भिऊन. कारणे भिन्न, पण परिणाम एकच. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात उभे राहिले असता वर निष्पर्ण फांद्या, खाली ताटाएवढ्या पानांचा खडखडता पाचोळा, आणि मध्ये सूर्य व वारा यांना पूर्ण मोकळीक, हेच दृश्य दिसते. साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरील ही दोन अरण्ये एकाच महिन्यात, सावलीच्या अभावी, आगीच्या स्वाधीन होण्याजोगी होतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

परंतु थंडीत पाचोळा वाळतो कसा? याचे उत्तर हवेच्या तहानेत आहे. हवा जितकी उष्ण तितकी बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता मोठी, आणि ही क्षमता तापमानाबरोबर सरळ प्रमाणात न वाढता झपाट्याने वाढत जाते. संपृक्त बाष्पाचा दाब ५ अंश सेल्सिअसला सुमारे ८.७ हेक्टोपास्कल असतो, २० अंशांना २३.४, ३० अंशांना ४२.४ आणि ४० अंशांना ७३.८. आता समजा, मार्चमधल्या एका पहाटे गेर्लिंगेनवर ५ अंश तापमान असून दव पडले आहे, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरलेली आहे. आकाश निरभ्र राहून दुपारी पारा २० अंशांवर चढला आणि हवेतले बाष्प तेवढेच राहिले, तर तीच हवा आता केवळ ३७ टक्के भरलेली उरते. पहाटे जिने पाने ओली केली, तीच दुपारी त्यांतला ओलावा शोषू लागते. माणसाचे शरीर उष्णतेची परीक्षा घामाने करते, म्हणून २० अंशांची ती दुपार आपल्याला आल्हाददायक वाटते आणि धोक्याची शंकाही येत नाही. मृत पानाला घाम येत नाही, त्याचे भवितव्य हवेत किती जागा रिकामी आहे यावरच ठरते. वणव्याचे हवामान समजून घ्यायचे तर स्वतःच्या कातडीचा निवाडा बाजूला ठेवून पानाच्या बाजूने विचार करायला शिकले पाहिजे.

या तहानेला वारा बळ देतो. तो पानांलगतची दमट हवा काढून नेतो आणि तिच्या जागी कोरडी आणून सोडतो. आग लागल्यावर ज्वाला पुढे झुकवून समोरचे इंधन तापवतो, प्राणवायू पुरवतो, आणि जळते तुकडे उचलून आगीच्या सीमेपलीकडे टाकतो. त्यातही वाऱ्याचा उगम कोणता, हा प्रश्न कळीचा असतो. गेर्लिंगेनला नेहमीचे वारे पश्चिमेकडून, अटलांटिक महासागराचा ओलावा घेऊन येतात. पण वसंतात कधी कधी स्कँडिनेव्हियावर किंवा पूर्व युरोपावर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसते, पश्चिमेचे वारे अडतात, आणि खंडाच्या अंतर्भागातून पूर्वेचा कोरडा वारा दिवसेंदिवस वाहत राहतो. आकाश निळेभोर, सूर्यप्रकाश लखलखीत. फिरायला जाणाऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगले दिवस नाहीत. २०२२ सालचा मार्च असाच होता: जर्मनीत सूर्यप्रकाशाची पद्धतशीर नोंद सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत लखलखीत मार्च ठरला, आणि त्याच महिन्यात वनखात्यांना वणव्याचे इशारे जाहीर करावे लागले.

वारा डोंगर उतरून येत असेल तर त्याचे स्वरूप अधिकच उग्र होते. खाली उतरणाऱ्या हवेवर दाब वाढतो, ती आकुंचन पावते आणि दर शंभर मीटरांना सुमारे एक अंश या हिशेबाने तापत जाते. बाष्प तेवढेच, तापमान मात्र चढते, म्हणजेच तहान वाढते. आल्प्स पर्वतावरून उत्तरेकडील दऱ्यांत उतरणारा ‘फ्योन’ वारा हे याचे सर्वज्ञात उदाहरण. १८६१ सालच्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांच्या दरम्यानच्या रात्री स्वित्झर्लंडमधील ग्लारुस या नगरात आग लागली तेव्हा हाच वारा वाहत होता, आणि सकाळ होईपर्यंत सुमारे सहाशे इमारती भस्मसात झाल्या. त्या दऱ्यांतून फ्योन सुटला की पहारे बसवण्याची, उघड्या विस्तवाला आणि धूम्रपानाला मनाई करण्याची परंपरा होती. लोकांनी वाऱ्यालाच आरोपी मानून त्याच्यावर नजर ठेवली होती, आणि हवामानशास्त्र प्रौढ होण्यापूर्वीच्या त्या शहाणपणाबद्दल मला अतीव आदर वाटतो. गेर्लिंगेन आल्प्सपासून दूर असल्याने फ्योनचा पूर्ण तडाखा तिथवर पोचत नाही.

डोंगर उतरणारा हा वारा मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही, कारण तो सह्याद्रीवरूनही उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोर धरतात तेव्हा दख्खनच्या पठारावरील कोरडी हवा घाटमाथा ओलांडून कोकणात कोसळते. पठार समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच. म्हणजे पठारावर ३३ अंश असलेली हवा किनाऱ्यावर पोचेपर्यंत ३८-३९ अंशांची होते, आणि समुद्रावरून येणारा दुपारचा खारा वारा तिच्यामुळे तास दोन तास अडून राहतो. २८ मार्च १९५६ रोजी मुंबईत ४१.७ अंश तापमान नोंदले गेले, ते वैशाख लागण्यापूर्वीच; आणि मुंबईचे असे भाजून काढणारे दिवस मार्चमध्येच का येतात, याचा उलगडाही या उतरत्या वाऱ्यात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवरचे वाळलेले गवत याच दिवसांत पेटते आणि मोहोरलेल्या, फळ धरलेल्या आंबा-काजूच्या बागा एका दुपारीत होरपळून जातात. बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्यात जाते. आणि झाड पुन्हा फळाला येईपर्यंतची वर्षे कोणत्याही पंचनाम्यात पुरती मांडली जात नाहीत, ही गोष्ट मनाला फार लागते.

कोरडे वादळ हे या प्रकरणातील दुसरे पात्र. मेघगर्जनेबरोबर पाऊस आलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. पण ढगाचा तळ जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंच असेल आणि त्याखालची हवा अत्यंत कोरडी असेल, तर ढगातून निघालेल्या सरी वाटेतच बाष्प होऊन जातात. दुरून पाहणाऱ्याला ढगाखाली लोंबणारे करडे पडदे दिसतात, जमीन मात्र कोरडीच राहते. वीज या बाष्पीभवनाला जुमानत नाही. ती खाली येतेच. त्यातही सर्व विजा सारख्या नसतात. ज्या विजेत प्रवाह क्षणार्धात खंडित होतो ती बहुधा बुंधा फोडून थांबते. ज्या विजेत तो सेकंदाच्या काही दशांशांपर्यंत टिकतो ती लाकूड पेटवण्याइतका वेळ उष्णता पुरवते. पुन्हा, वाटेत विरलेल्या सरींनी जी हवा थंड होते ती जड होऊन वेगाने खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, म्हणजे ठिणगी आणि फुंकर एकाच ढगातून येतात. विजेने पेटलेला बुंधा किंवा मुळांलगतची कुजलेली माती कित्येक दिवस धुमसत राहते, आणि वादळ विस्मरणात गेल्यानंतर एखाद्या वाऱ्याच्या दुपारी अकस्मात ज्वाला उठते. कॅलिफोर्नियात २०२० सालच्या ऑगस्टच्या मध्यास अवघ्या दोन-तीन दिवसांत हजारो विजा कोसळल्या आणि त्यांतून शेकडो वणवे उद्भवले. त्यांतील एकत्र मिळालेल्या एका समूहाने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र व्यापले.

गेर्लिंगेनच्या आकाशात असे वादळ दुर्मीळ आहे. तेथील उन्हाळी वादळे दमट हवेत जन्मतात आणि भरपूर पाऊस, पुष्कळदा गाराही, घेऊन येतात. किंबहुना स्टुटगार्टच्या परिसरात गारपिटीचे भय इतके की ढगांत रसायन फवारणारी विमाने तिथे हंगामभर सज्ज ठेवलेली असतात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील वळवाची पहिली वादळे मात्र कोरड्या वादळाच्या बरीच जवळची: ढगाचा तळ उंच, आधी धुळीचा लोट, मग विजांचा कडकडाट, आणि पाऊस म्हणावा तर चार थेंब. तरीही आपल्याकडे काय किंवा जर्मनीत काय, वणव्यांपैकी विजेने लागलेले थोडेच. बहुसंख्य आगी मनुष्याच्या हातून, निष्काळजीपणाने अथवा हेतुपूर्वक लागतात. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणून झुडपांना आग देणे, हे आपल्याकडचे प्रकार. तिकडे विझली असे समजून सोडलेली शेगडी, फेकलेले सिगारेटचे थोटूक, वाळल्या गवतावर उभी केलेली तापलेली मोटार. ठिणगी कुणाचीही असो, ती जागीच विझणार की टेकडी चढणार, हे तिच्या आधीच्या कित्येक आठवड्यांच्या हवेने ठरवून ठेवलेले असते.

या पूर्वनिश्चयाचेच मापन हवामानखाते करते. जर्मनीच्या पूर्व भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेली ‘एम-६८’ नावाची एक पद्धत प्रचारात होती. तिच्यात दुपारचे तापमान, हवेची तहान आणि पाऊस यांच्या गणितात वनस्पतींचे पंचांगही मिसळलेले होते: भूर्ज वृक्षाला पालवी फुटली, रोबिनियाला बहर आला, की आकड्यांत त्याप्रमाणे दुरुस्ती केली जाई. शास्त्रीय सूत्रात झाडाच्या पालवीला असे अधिकृत स्थान मिळावे, हे मला अत्यंत सुंदर वाटते. आज जर्मन हवामानसेवा, डॉयचर वेटरडीन्स्ट, संपूर्ण देशासाठी जो वणवा-धोका निर्देशांक प्रसिद्ध करते तो कॅनडातील पद्धतीवर आधारलेला असून एक ते पाच अशा पायऱ्यांत, अत्यल्प धोक्यापासून अत्युच्च धोक्यापर्यंत, मांडलेला असतो. या पद्धतीचे मर्म असे की ती वनभूमीला एकच कोरडी किंवा ओली वस्तू मानत नाही. सर्वांत वरचा पाचोळा तासांच्या हिशेबात वाळतो आणि भिजतो. त्याखालचा अर्धवट कुजलेला थर दहा-पंधरा दिवसांच्या. आणि सर्वांत खालची खोल, दाट सेंद्रिय माती दीड-दोन महिन्यांच्या. म्हणून एका सरीने निर्देशांक खाली येतो, पण खालच्या थरांची थकबाकी तशीच राहते, आणि दोन उन्हे पडताच धोका पूर्ववत चढतो.

उघड्या गवताळ जमिनीसाठी तीच संस्था वेगळा निर्देशांक देते, आणि गेर्लिंगेनच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. कास्पार शिलरच्या काळापासून या टेकड्यांच्या उतारांवर सफरचंद, नासपती, चेरी यांची झाडे गवताळ कुरणांत विरळ लावण्याची परंपरा चालत आली आहे. गवत वेळेवर कापले जाते तोवर ही कुरणे निर्धोक. पण जुन्या मालकांची नवी पिढी शहरात गेल्यामुळे जिथे कापणी थांबते, तिथे वाळलेले उभे गवत गावाच्या घरांपासून वरच्या अरण्यापर्यंत अखंड वात होऊन बसते. आग चढावर वेगाने धावते; उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशास्त्रज्ञांचा स्थूल ठोकताळा आहे. गाव पायथ्याशी आणि अरण्य माथ्यावर, ही रचना त्यामुळे विचारात घ्यावी लागते.

युरोपातील सौम्य हवामानावर विसंबणे किती महागात पडते, हे जर्मनीने १९७५ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. उत्तरेकडील ल्युनेबुर्गच्या माळरानावर पाइन वृक्षांची विस्तीर्ण लागवड होती. १९७२ च्या नोव्हेंबरात प्रचंड वादळाने त्या प्रदेशातील असंख्य वृक्ष उन्मळून पाडले होते आणि त्या लाकडाचा बराच भाग वाळत पडला होता. त्यावर उष्ण, कोरडा उन्हाळा आला. आग लागल्यावर वाऱ्याने दिशा बदलली आणि पाच अग्निशामक ज्वालांच्या वेढ्यात सापडून मृत्युमुखी पडले. विझवण्यासाठी फ्रान्सहून पाणी फेकणारी विमाने मागवावी लागली, आणि आठ हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्र जळाल्यावरच आग आटोक्यात आली. वाऱ्याचा हा दिशाबदल सर्वत्रच घातक ठरतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला असता, संध्याकाळी नैर्ऋत्येचा थंड वारा आला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकावा असाच तो वारा, पण त्याने आगीची लांबलचक बाजू क्षणात तिची आघाडी बनवली, आणि त्या दिवसाच्या आगींत १७३ माणसे गेली.

अलीकडच्या काळात जर्मनीत २०१८, २०१९ आणि २०२२ ही वर्षे कोरडी गेली. एकट्या २०२२ साली सरकारी नोंदींप्रमाणे २,३९७ वणवे लागून ३,०५८ हेक्टर वनक्षेत्र जळाले. यांतील मोठा हिस्सा पूर्वेच्या ब्रांडेनबुर्ग आणि साक्सनी प्रांतांतील वाळूवरच्या पाइनवनांचा होता, हे खरे. परंतु त्याच कोरड्या वर्षांनी बीचची अरण्येही थकवली. ज्या वृक्षाला ओलाव्याचा भरवसा होता त्याचे शेंडे ऑगस्टमध्येच वठू लागले. शेंडा वठला की छाया विरळ होते, छाया विरळ झाली की जमीन वाळते, आणि जे अरण्य आपल्या सावलीने स्वतःचे रक्षण करीत होते त्याचे ते संरक्षण कमी होते. गेर्लिंगेनच्या टेकड्यांविषयी मला खरी काळजी वाटते ती याची, विजेची नव्हे.

बंदोबस्ताची तजवीज दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानून त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात, आणि उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून परिक्षेत्रापर्यंत पोचवली जाते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताचा वनकायदा १ मार्च ते ३१ ऑक्टोबर या काळात अरण्यात धूम्रपानास मनाई करतो, आणि अरण्यापासून शंभर मीटरांच्या आत परवानगीविना विस्तव पेटवू देत नाही. निर्देशांक वरच्या पायऱ्यांवर गेला की नेमून दिलेल्या शेगडीच्या जागाही वनाधिकारी बंद करू शकतात. आपल्याकडून तिकडे राहायला गेलेल्या कुटुंबांनी हे तपशील ध्यानात ठेवावेत, कारण एप्रिलमधल्या पहिल्या उबदार रविवारी, जेव्हा सारे गाव टेकडीवर फिरायला निघते, तेव्हाच पाचोळा सर्वाधिक कोरडा असतो. गेर्लिंगेनचे अग्निशामक दल स्वयंसेवकांचे आहे. हाक आली की ती माणसे आपापली कामे टाकून धावतात. अरण्यात धूर दिसला तर ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि वाटांवर ठिकठिकाणी लावलेल्या बचावस्थळांच्या पाट्यांपैकी जवळच्या पाटीचा क्रमांक सांगावा. त्या क्रमांकावरून दलाला वाट आणि गाडी नेण्याचा रस्ता, दोन्ही ताबडतोब कळतात.